स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं

माझ्या भावाला, जयरामला, गाडीचे सगळे नियम पाठ होते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी म्हणायला नको की ड्रायव्हर लोक असेच बेफिकीर असतात. शेतकी विद्यापीठाच्या ज्या केंद्रावर तो जीप चालवायचा, तिथल्या गॅरेजच्या भिंतीवर एक छापील कागद डकवलेला होता. गाडी कामापुरतीच वापरावी. बाहेरचं माणूस गाडीत बसवू नये. नेमलेल्या चालकाशिवाय कोणी गाडी चालवू नये, आणि चालकानेही ती कोणाच्या हाती देऊ नये. अपघात झाला तर पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत गाडी जागची हलवू नये. हा पठ्ठ्या घरी येऊन ते आम्हाला म्हणून दाखवायचा. मी म्हणायचे, बाबा रे, आधी जेव, भाकरी गार झाली.

मी आक्काबाई. आई गेली तेव्हा जयराम नुकता चालायला लागला होता, त्यामुळे मनमाडला त्याला मीच वाढवला. आमचे वडील रेल्वेच्या यार्डात कोळसा ओढायचे. माझं सासर काही टिकलं नाही, ते जाऊ द्या, त्याचं रडगाणं आज नाही. जयराम मोठा होऊन नाशिकला आला, तिथल्या द्वारका चौकात ट्रकवाल्यांच्यात राहून गाडी शिकला, लायसन काढलं आणि मला नाशिकरोडला बोलावून घेतलं. पुढे विद्यापीठात चिकटला. रोजंदारीवर, पण खाकी कपडे मिळाले. आमच्या बौद्ध कॉलनीत सरकारी गाडी चालवणारा तो पहिला. बायाबापड्या उगाच दारावरून जाता जाता विचारायच्या, जयराम आलाय का हो? मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्याची एकच आस होती, कायम व्हायचं. दरवर्षी साहेब म्हणायचे, यंदा तुझं नाव वर पाठवतो. दरवर्षी आमची लता, म्हणजे जयरामची बायको, त्याच्या खाकी शर्टाला कडक इस्त्री करून द्यायची, जणू शर्ट बघूनच कायम करणार आहेत. नाव वर जायचं आणि वरच कुठेतरी बसून राहायचं. तरी हा नियमाला चिकटलेला. एकदा मी द्वारकेवरून दळणाचा डबा डोक्यावर घेऊन भर उन्हात चालले होते. मागून जीप आली. बघते तर आमचाच दिवटा, गाडीत दुसरं कोणी नाही. मी हात केला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सरळ निघून गेला. संध्याकाळी म्हणतो, आक्का, तू बाहेरचं माणूस आहेस, गाडीत बसवता येत नाही. मी म्हटलं, मग बाहेरच्या माणसाच्या हातचं जेवू नकोस. त्या दिवशी त्याला लताने वाढलं, मी पाठ करून बसले होते.

आता साहेबाचं ऐका. कापडणीस नाव, मोठे शिकलेले, बोलायला गोड. त्यांना एक हौस होती, गाडी चालवायची. स्वतःची गाडी नव्हती, लायसनही नव्हतं. शिवारात भात बघायला निघाले की घोटी मागे पडल्यावर रस्ता मोकळा लागायचा. तिथे म्हणायचे, जयराम, सरक जरा. हा सरकायचा. सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं की साहेबलोक असे हात साफ करतात. आधीच्या ड्रायव्हरनेही दिली होती, त्याच्या आधीच्यानेही. जो नाही म्हणेल त्याचं नाव वर जात नाही, एवढं साधं गणित. भिंतीवरच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं, पण साहेबच सरक म्हणाला तर काय करायचं ते काही लिहिलं नव्हतं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. भाताची कापणी चाललेली. पुंजा नावाचा एक शेतकरी डोक्यावर भाताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेने चालला होता. मागून जीप आली. स्टिअरिंग साहेबाच्या हातात. जयराम म्हणाला, साहेब, ब्रेक, ब्रेक. साहेबाचा पाय पडला भलतीकडे. पुंजा भाऱ्यासकट चाकाखाली गेला. त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

आणि इथे माझ्या भावाने एक चूक केली. चूक म्हणायची तर म्हणा. साहेब स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. जयरामने त्याला ओढून खाली उतरवला, स्वतः सीटवर बसला, गाडी मागे घेऊन पुंजाचा पाय मोकळा केला. तोवर शेतातली माणसं विळे घेऊन धावत आली. त्यांनी काय बघितलं? स्टिअरिंगवर जयराम आणि कडेला उभा असलेला पांढऱ्या कपड्यातला साहेब. जयराम पुन्हा खाली उतरला, पुंजाच्या मांडीला आपला शर्ट आवळून बांधला, त्या माणसांतल्या दोघांच्या मदतीने त्याला मागे निजवला आणि जीप नाशिकच्या मोठ्या दवाखान्याकडे सोडली. साहेब म्हणाले, तू हो पुढे, मी पोलिसांना कळवतो. ते एसटीने आले.

वाटेत पुंजाला शुद्ध आली. जयराम मान मागे करून करून त्याच्याशी बोलत होता. पाव्हणं, डोळे मिटू नका. पाव्हणं, पोरंबाळं किती? पाव्हणं, हे बघा, आलंच नाशिक. पाय काही वाचला नाही, गुडघ्याच्या वरून काढावा लागला. पण माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर संपलं होतं. ज्याने सख्ख्या बहिणीला दळणाच्या डब्यासकट उन्हात चालवलं, त्याने त्या दिवशी बाहेरचं माणूस गाडीत घेतलं आणि पंचनाम्याआधी गाडीही हलवली. स्टिअरिंग तर आधीच दुसऱ्याच्या हाती दिलेलं होतं. घरी आला तेव्हा अंगात नुसता बनियन होता, आणि त्यावर रक्त. लताने कपाळाला हात लावला. मी चुलीवर पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या घरी आले. आमच्या दारात याआधी कधी आले नव्हते. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, जयराम, तू चालवत होतास असंच राहू दे. माझं नाव आलं तर तूही सुटत नाहीस, गाडी मला दिलीस म्हणून तुला काढतीलच. तू स्वतःवर घेतलंस तर मी बसलोय ना सांभाळायला. बाहेर जाताना माझ्याकडे बघून हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ते गेल्यावर जयराम भिंतीला टेकून बसला. म्हणाला, आक्का, इकडे आड तिकडे विहीर झालंय. खरं सांगितलं तर नियम मोडला म्हणून नोकरी जाते. खोटं सांगितलं तर माणूस उडवला म्हणून पोलीस केस, लायसन जातं. लायसन गेल्यावर ड्रायव्हरने खायचं काय? मी म्हटलं, खरं सांग. नोकरी गेली तर ट्रक चालवशील. हात तरी स्वच्छ राहतील. मी आजही तेच सांगेन. लता पदराने तोंड पुसत होती आणि मला कळत होतं की तिला साहेबाचं पटलंय. तिचंही काही चूक नव्हतं, तिला घर चालवायचं होतं.

मग विद्यापीठाची चौकशी लागली. मी जयरामच्या मागोमाग गेले. तो म्हणाला, येऊ नकोस. मी म्हटलं, मी बाहेरचं माणूस आहे, बाहेरच बसेन. वऱ्हांड्यात बाकावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं, दार उघडंच होतं.

जयराम खरं बोलला. गाडी साहेब चालवत होते, मी सरकून दिली होती, माझी चूक मला मान्य आहे. कापडणीस शांतपणे म्हणाले, मला गाडी येतच नाही. माझ्याकडे लायसन नाही, नियमाविरुद्ध मी स्टिअरिंगला हात कसा लावीन? पोलिसांनी लिहून घेतलेल्या गाववाल्यांच्या जबान्या वाचल्या. सगळ्यांनी ड्रायव्हरच स्टिअरिंगवर बघितला होता. कोणी खोटं बोललं नव्हतं, हेच तर दुखणं.

मग पुंजाला आत घेतलं. काखेत कुबडी, दुसऱ्या बाजूला भावाचा खांदा. मला वाटलं, आता हा तरी काही बोलेल. पण बोलणार काय, मागून धडक बसलेला माणूस. त्याने हात जोडले.

"साहेब, माझी काय तक्रार नाय," तो म्हणाला. "डोळं उघडलं तवा हेच गाडी चालवत व्हते. धडक दिली, पन टाकून नाय गेले. दुसरा आसता तर पळाला आसता. मला लय धीर दिला यांनी. यांच्या पोटावर पाय देऊ नका."

मग जयराम म्हणाला, "पाव्हणं, मी नव्हतो चालवत. धडक लागली तेव्हा मी बाजूला बसलो होतो."

पुंजा त्याच्याकडे बघत राहिला. मला दारातून त्याचं तोंड दिसत होतं. आत्तापर्यंत त्या तोंडावर माया होती, ती डोळ्यांदेखत उतरली. तो हळूच म्हणाला, "आसं नका बोलू, दादा. मी माफ केलंय ना."

जयरामने त्यानंतर तोंड उघडलं नाही. चौकशीचे साहेब विचारत होते, आणखी काही सांगायचं आहे का, आणि हा खाली फरशीकडे बघत होता. मी उठून आत जाणार होते, शिपायाने अडवलं. त्या शिपायाला मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

नोकरी गेली. गाडी हलवली, बाहेरचं माणूस नेलं, माणूस जखमी केला आणि वर वरिष्ठांवर खोटा आळ घेतला, असं लिहिलेला कागद त्याच्या हातात पडला. म्हणजे एकाही बाजूने सुटला नाही. कोर्टात लायसनही अडकलं. कापडणीसांची पुढे बढती होऊन बदली झाली. जयराम द्वारकेला गेला. जिथे गाडी शिकला तिथेच दुसऱ्यांचे ट्रक धुवायला लागला. ट्रक धुतल्यावर जागेवर लावायचा असला तरी तो दुसऱ्याला हाक मारायचा, स्वतः बसायचा नाही. ट्रकवाले म्हणायचे, अरे, दहा पावलं तर न्यायचा आहे. हा म्हणायचा, लायसन नाही माझ्याकडे.

एशियाड झालं त्या साली माझ्याने राहवलं नाही. मी कोणाला न सांगता एसटीने घोटीला गेले. बाजाराचा दिवस होता. पुंजा तांदळाचं पोतं पुढ्यात घेऊन बसला होता, कुबडी शेजारी आडवी. मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. साहेबाची हौस, सरक जरा म्हणणं, ब्रेकच्या जागी पडलेला भलता पाय, आमच्या घरी प्यायलेला तो चहा. त्याने सगळं ऐकलं.

मग म्हणाला, "बाई, तुमी बहीन हायेत. बहिनीला आसंच वाटनार."

मी ओरडले. बाजारातली माणसं बघायला लागली. तो मात्र शांत. पिशवीत तांदूळ भरला, कुबडीवर भार देऊन उठला आणि माझ्या हातात दिला. "भावाला द्या. म्हनावं, पुंजाच्या मनात काय नाय." एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसाचा हात मला झिडकारता आला नाही.

संध्याकाळी लताने तो तांदूळ शिजवला. नव्या तांदळाचा वास घरभर झाला. जयराम द्वारकेहून आला, हातपाय धुऊन पानावर बसला आणि पहिल्याच घासाला थांबला. "कुठला तांदूळ?" मी म्हटलं, घोटीचा. त्याने माझ्याकडे बघितलं.

"भेटला?"

"भेटला."

"पटलं त्याला?"

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्याने मान खाली घातली आणि ताटातलं सगळं जेवला, शीतसुद्धा ठेवलं नाही. हात धुताना म्हणाला, "पुन्हा जाऊ नकोस, आक्का. पाय गेला त्याचा. कोणालातरी माफ केलं, एवढं तरी राहू दे त्याच्याकडे."

"आणि तुझ्याकडे काय राहिलं रे?" मी विचारलं.

तो तोवर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता.