अल बाहाच्या रस्त्यावरची माकडं

फ्रान्सच्या डोंगराळ मुलुखात दहा दिवस सायकलवर फिरायचं, असं आमचं ठरलं होतं. आमचं म्हणजे माझं आणि आमच्या विभागप्रमुखांचं. दोघंही सौदीतल्या यान्बूच्या एका कारखान्यात. मी नाशिकचा, ते पुण्याचे, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठे. ते एकदा तिकडे जाऊन आले होते. दमवणारा चढ, चढावरचं दगडी गाव, गावातली बेकरी, मग पुन्हा उतार आणि द्राक्षांचे मळे, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की ती गावं मला पाठ झाली होती. पण यान्बूत चढ म्हणजे एखादा उड्डाणपूल. तेव्हा सराव म्हणून सुट्टीत ताइफहून अल बाहापर्यंत डोंगरातून जायचं ठरलं. तीन दिवस, रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर.

सामानाची पिकअप घेऊन चाचा आले. चाचा रत्नागिरीकडचे, कारखान्याच्या गाडीवर पंचवीस वर्षं. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. थंडी म्हणजे काय ते एकदा बघायचं आहे, असं म्हणून ते आपणहून निघाले.

पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यातलं फ्रान्स उतरायला लागलं. मुलूख वाईट नव्हता. काळे खडक, पायऱ्यापायऱ्यांची जुनी शेतं, डाळिंबाच्या बागा, वर कुठेकुठे दगडी बुरूज. पण जिथे म्हणून सावली होती तिथे सुट्टीला आलेल्या लोकांनी जेवून हात झाडले होते. सायकलवर तुम्ही गाडीसारखे चटकन पुढे जात नाही. प्रत्येक झाडाखालचं तुम्हाला सावकाश दिसतं आणि त्याचा वासही येतो. भाताचे आंबलेले गोळे, कोंबडीची हाडं, बाळांचे वापरून गुंडाळून टाकलेले लंगोट, काटेरी झुडपांवर फडफडणाऱ्या पिशव्या. एका पेट्रोल पंपावर मी शौचालयाचं दार उघडलं आणि तसंच लावलं. नंतर कितीतरी वेळ मी तोंडाने श्वास घेत होतो.

दुपारी एका चढावर साहेबांनी ताकदीसाठी घेतात ती गोड चिकट जेलची पुडी दातांनी फोडली, ओरपली आणि रिकामी पुडी दरीत भिरकावली. मी म्हटलं, सर, पाठीच्या खिशात ठेवायची होती.

"तिकडे ठेवायचो ना," ते म्हणाले. "तिकडे लोक बघतात. इथे काय, आपलं थोडंच आहे?"

हनुवटीवर जेलचा ओघळ होता. तो त्यांनी जिभेने चाटला. मला किळस आली, आणि ती त्या ओघळाची नव्हती. हा माणूस अठरा वर्षं या देशाचं खातो आहे. मी चौदा. पण मी गप्प बसलो. वर्षअखेरीला माझं मूल्यमापन तेच लिहितात, हेही त्या गप्प बसण्यात होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते वळण आलं. वळणावर गाड्या थांबवायला मोकळी जागा, पलीकडे बुटका दगडी कठडा, खाली दरी. कठड्यावर माकडांचा कळप बसला होता. इथली माकडं आपल्याकडच्यासारखी नव्हेत. कुत्र्यासारखी लांब तोंडं, नरांच्या खांद्यांवर करड्या केसांची झूल, लालभडक ढुंगणं. चार-पाच गाड्या थांबलेल्या होत्या आणि लोक आतूनच खाणं फेकत होते. एकाने बिर्याणीचं अख्खं ताट खिडकीतून ओतलं. माकडं त्यावर तुटून पडली. एक म्हातारी माकडीण पिशवीतला रस्सा चाटता चाटता पिशवीच चावून गिळत होती, शांतपणे, आपण पान खातो तशी. डांबर तेलाने बुळबुळीत झालं होतं. माश्या इतक्या की चाचांनी पिकअपच्या काचा वर केल्या.

साहेबांना व्हिडिओ हवा होता. त्यांनी पिकअपमधून पावाची दोन पाकिटं काढली, एक मला धरायला दिलं आणि मोबाईलही माझ्याच हातात दिला. मी सायकल उभी करून चित्रण करू लागलो. ते एकेक स्लाइस उंच धरायचे, माकडं उड्या मारायची, ते हसायचे. खोटं कशाला सांगू, मीही हसत होतो.

त्यांच्या हातातला पाव संपला. मग एक मोठा नर माझ्याकडे वळला. घाई न करता, चारी पायांवर, माझ्या हातातल्या पाकिटावर नजर ठेवून तो चालत आला. दोन हातांवर आल्यावर त्याने ओठ मागे घेतले. त्याचे लांब सुळे दिसले. मी पाकीट फेकलं. कुठे फेकतो आहे ते पाहिलं नाही. ते रस्त्यापलीकडे जाऊन पडलं.

अर्धा कळप रस्ता ओलांडू लागला. त्यात एक मादी होती, पोटाला पिल्लू चिकटलेलं. वळणावरून एक मोठी गाडी आली. चालकाने ब्रेक दाबला, पण त्या तेलकट डांबरावर गाडी घसरत आली. मादी वाचली. पिल्लू सुटून चाकाखाली गेलं.

गाडी थोडी पुढे थांबली, कोणी उतरलं नाही, मग निघून गेली. बाकीची माकडं पाव खात राहिली. ती मादी परत आली. तिने पिल्लू उचललं, कठड्यावर नेलं आणि त्याचे केस विंचरायला लागली, उवा बघतात तसे. त्याचं डोकं लोंबत होतं. ती ते सारखं करून घ्यायची, ते पुन्हा लोंबायचं.

मी पिकअपच्या मागे जाऊन ओकलो.

साहेब जवळ आले. पाणी पुढे करत म्हणाले, होतं असं, जंगली जनावरं ती, मनाला लावून घेऊ नका. मग म्हणाले, "तुम्ही ते पलीकडे टाकायला नको होतंत." ते खरंच होतं. त्यानंतर ते म्हणाले, "व्हिडिओतला शेवटचा तेवढा भाग कापा. खलास, चला आता, ऊन वाढतंय."

चाचा पिकअपच्या चाकाजवळ उभे होते. त्यांनी मला कठड्याच्या टोकाची पाटी दाखवली. तिच्यावर अरबीत लिहिलं होतं की माकडांना खायला घालू नका. त्यांना अरबी वाचता येतं.

"मी आल्या आल्या वाचलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "सांगायला हवं होतं मी. पण मोठ्या साहेबांना कोण सांगणार?"

मलाही ते आदल्या दिवशी जमलं नव्हतं.

वीसेक मिनिटं मी तिथे थांबलो असेन. मग साहेब चढाला लागले म्हणून मीही लागलो. पाय आपोआप फिरत होते. तोंडाला आंबट चव होती. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत, कपडे न बदलता, मी तो व्हिडिओ कापला. मोठा नर माझ्याकडे वळतो तिथपर्यंत ठेवला. हे मी निगुतीने केलं, आवाजही तुटणार नाही असा. त्या कामातलं माझं ते कौशल्य आठवलं की अजून मला माझ्या बोटांची शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी धुक्यातून आम्ही अल बाहाला पोचलो. चाचा अंगावर दोन शाली घेऊन खूश होते. साहेबांनी व्हिडिओ कारखान्याच्या ग्रुपवर टाकला, निसर्गाच्या सान्निध्यात असं काहीतरी लिहून. पंचेचाळीस जणांनी लाइकचे अंगठे टाकले.

पुढे महिन्याभराने, कॅन्टीनमध्ये, त्यांनी फ्रान्सचा विषय काढला. जूनच्या रजेचा अर्ज टाका, मी तिकीट बघतो, म्हणाले. मी म्हटलं, माझं धरू नका.

"का? गुडघा दुखतोय?"

"नाही. मला जायचं नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "त्या माकडामुळे?"

"माकडामुळे नाही," मी म्हटलं. "आपल्यामुळे."

मला म्हणायचं होतं, आपल्या दोघांमुळे. त्यांनी ते 'आपण' आदरार्थी घेतलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला आणि ते ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. खुलासा करावा असं मला वाटलं नाही. त्या वर्षी माझं मूल्यमापन नेहमीसारखंच आलं. ते जूनमध्ये एकटेच गेले आणि फोटो पाठवत राहिले. स्वच्छ रस्ते, स्वच्छ गावं.

माझी मुलगी इथल्या भारतीय शाळेत दहावीला आहे. तो व्हिडिओ तिनेही पाहिला होता आणि तिच्या मैत्रिणींना पाठवला होता. उन्हाळ्यात एकदा ती तो पुन्हा बघून हसत होती, तेव्हा मी तिला पुढचं सगळं सांगितलं. पाकीट मीच फेकलं तेही सांगितलं आणि कापलं मीच तेही. तिने मोबाईल पालथा ठेवला. मी मराठीत बोललो की ती हिंदीत उत्तर देते. तिने विचारलं की त्या आईपाशी मी किती वेळ थांबलो.

"वीस मिनिटं," मी म्हटलं.

"बस, इतना ही?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली.