शाणूकाकांचं ‘बरें’

रिमोटवरची बोट एका बॅटरीवर पाच-सात मिनिटं पळते. मग ती पाण्याबाहेर काढायची, आतलं पाणी ओतून टाकायचं, मोटर गार होऊ द्यायची, दुसरी बॅटरी लावायची, नाहीतर काहीतरी तुटलेलं जोडत बसायचं. म्हणजे रविवारी सकाळी मयेच्या तळ्यावर बोटी चालवायला जातो असं आम्ही घरी सांगत असलो, तरी बहुतेक वेळ आम्ही नुसते बोलत असायचो. किस्से साठतात ते असे. कोणी मुद्दाम साठवत नाही. बोटीत पाणी शिरतं तसे ते शिरतात.

बोलायचे ते बाकीचे तिघं. मी ऐकायचो. चार माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. शाळा नववीत सुटली तीही उभं राहून मोठ्याने वाचायला लावायचे म्हणूनच. पण आता शाणूकाका नाहीत, आणि उरलेले दोघं म्हणतात, तुलाच सगळं नीट आठवतं, तूच सांग. म्हणून सांगतो.

* * *

मी डिचोलीत मोटर वायंडिंगच्या दुकानात कामाला आहे. पंप, मिक्सर, पंखे हे आमचं रोजचं काम. एक दिवस एक उंच माणूस आला आणि त्याने काउंटरवर लिंबाएवढी मोटर ठेवली.

आमच्या मालकांनी ती उलटसुलट करून पाहिली. “ही खंयच्या मिक्सराची?”

“मिक्सराची न्हय. होडयेची.”

“इतल्याशा मोटरीन होडी चलता?”

“चलना,” तो माणूस म्हणाला, “धांवता.”

ते शाणूकाका. खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. खाण बंद पडली आणि डोंगर उकरणारी मशीनं सांभाळलेले हात घरी रिकामे बसले. ते त्यांनी बोटींना लावले. त्यांच्या मोटरीची तार मी नव्याने गुंडाळली, तेव्हा ते म्हणाले, “आयतारा तळ्यार यो. तुज्या हातांक बोलपाक येता.”

इतकं चांगलं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही.

* * *

आमचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात धरायचा, डाव्या बोटाने घोडा दाबला की वेग मिळतो, आणि उजव्या हाताने बाजूचं चाक फिरवलं की बोट वळते. हे सोपं आहे. कठीण पुढे आहे. बोट आपल्यापासून लांब जाते तेव्हा तिचं उजवं ते आपलं उजवं. ती परत आपल्याकडे तोंड करून आली की तिचं उजवं ते आपलं डावं. इथे प्रत्येक नवा माणूस चुकतो.

मला पहिल्यांदा आमच्या चौघांतल्या मास्तरांनी आपली बोट दिली. शाणूकाका आपला रिमोट दुसऱ्याच्या हातात कधीच द्यायचे नाहीत. मी बोट लांब नेली, वळवली, ती माझ्याकडे यायला लागली आणि मी घाबरून उलट चाक फिरवलं. काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. बोट त्याची दोरी पंख्यात गुंडाळून घेत, काठी ओढत निघाली.

मी धावत जाऊन त्याच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो. म्हातारा बोटीकडे बघत शांतपणे म्हणाला, “इतलीं वर्सां हांगा बसतां. आयज पयलेच खेपे मोठें लागलें.”

* * *

बसवराज, म्हणजे आमचा बसू, बेळगावकडचा. औद्योगिक वसाहतीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवतो. आमच्या बोटींची अंगं तोच बनवायचा. शाणूकाकांनी लाकडाचा सुंदर साचा केला होता, घासून घासून आरशासारखा. त्यावर फायबर चढवण्याआधी मेण लावायचं असतं, म्हणजे वाळल्यावर ते सुटून येतं.

बसूने अंघोळ करून, उदबत्ती लावून काम केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बोट ओढतोय, ठोकतोय, ती साच्याला सोडेना.

“बसू, मेण?” काकांनी विचारलं.

बसू खाली बसला. “टाकीला कधी विसरलो न्हाई बघा काका. हितं लई मन लावून केलं की हो.”

साचा फोडावा लागला. कामात मन लावायचं नाही, असा काकांनी त्याला कायमचा हुकूम दिला.

* * *

मास्तर साखळीच्या शाळेत गणित शिकवत. हसत नाहीत. विनोद केला तरी केल्याचं त्यांना कळतं की नाही, याची शंका येते. तळ्यावर पर्यटक येतात. एका बाईंनी मास्तरांच्या बोटीचा वेग पाहून त्यांना विचारलं, “भाईसाब, इसमें कितने लोग बैठते हैं?”

मास्तरांनी हातभर लांबीच्या बोटीकडे पाहिलं, विचार केला आणि म्हणाले, “एक ही। वो भी किनारे पे।”

* * *

काकी तळ्यावर यायच्या नाहीत. आम्ही घरी गेलो की चहा द्यायच्या आणि बोटींकडे सवतीकडे बघावं तसं बघायच्या.

एकदा काकांची लाल बोट पाणवनस्पतीत अडकली. पेडल बोटीवाली मुलं “आमी हाडून दितांव”, म्हणजे आणून देतो, म्हणत होती, तोवर काकांनी कपड्यांसकट उडी मारली. घरी पोचलो तेव्हा त्यांच्या अंगावरून पाणी गळत होतं. काकींनी टॉवेल दिला आणि आम्हाला म्हणाल्या, “ती बुडली जाल्यार हे उडी मारतात. हांव बुडलें जाल्यार पयलीं चाय खंय आसा तें सोदतले.”

काका डोकं पुसत म्हणाले, “तुका पेंवता न्हय गो.”

काकींना पोहता येत होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. हसल्या त्या, पण तोंड फिरवून.

* * *

एका चतुर्थीला काका स्टुलावर उभे राहून माटोळी बांधत होते. गणपतीच्या डोक्यावर फळं, सुपाऱ्या, रानातली फुलं टांगायची ती चौकट. बांधता बांधता उजवा हात खाली आला, तो परत वर गेला नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “नाव काय तुमचं?”

“बरें,” काका म्हणाले.

“कुठे राहता?”

“बरें.”

“दुखतं कुठे?”

“बरें. बरें.”

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून समजावलं. उजवी बाजू गेली आहे, बोलणंही गेलं आहे. समजतं सगळं. कधी कधी अशा माणसाकडे एखादाच शब्द उरतो. कुठला उरेल ते कोणाच्या हातात नसतं.

बसू भिंतीला टेकला. मग म्हणाला, “एखादी शिवी ऱ्हायली असती तर बरं झालं असतं. निदान मन तरी हलकं झालं असतं.”

आणि आपणच ‘बरं’ म्हणालो, हे लक्षात येऊन तो जिन्यात जाऊन रडला.

* * *

आम्हाला एकच ‘बरें’ ऐकू यायचं. काकींना पुष्कळ ऐकू यायची.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल घेऊन दारात आला. काका अंगणात खुर्चीवर. “काका, उंडे दिवं मरे?”

“बरें.”

पोदेराने उंडे, म्हणजे गोल पाव, मोजायला घेतले. आतून काकींचा आवाज आला, “उंडे नाकात. पोळयो जाय म्हणटात.”

पोदेर काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याने उंडे परत टोपलीत टाकले आणि कोंड्याच्या पावाच्या पोळ्या दिल्या. काकांनी मान हलवली. जाताना पोदेर मला म्हणाला, “म्हाका तर दोनूय बरेंच दिसलें.”

मास्तरांनी हे शास्त्र शिकायचं ठरवलं. वही-बिही नाही, नुसतं कान देऊन. काकांसमोर बसून एकेक प्रश्न विचारत आणि उत्तराचा अर्थ सांगत. सगळे अर्थ चुकले. शेवटी काका थकून म्हणाले, “बरें.” मास्तर खूश होऊन म्हणाले, “हे मात्र समजलं. ‘छान चाललंय’ असं म्हणतायत.”

काकी भांडी घासत होत्या. “घरा वच म्हणटात,” म्हणाल्या. मास्तर उठले आणि चपला घालून घरी निघाले.

* * *

मोहन हा काकांचा पुतण्या, पेडण्याला असतो. तो काकांना बघायला आला तेव्हा काकी देवळात गेल्या होत्या. परत येताना त्यांना फाटकापासूनच काकांचा आवाज ऐकू आला आणि त्या पळत सुटल्या. काका बोट ठेवायच्या फळीसमोर उभे होते, भिंतीला खांदा टेकून. डाव्या हाताने रिकाम्या फळीवर थापा मारत होते आणि “बरें, बरें” म्हणत होते. लाल बोट गेली होती.

आम्ही तिघं पेडण्याला गेलो. बोट मोहनच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी होती. बॅटरीच्या जागेत त्याने प्लास्टिकची फुलं खोचली होती.

मास्तर म्हणाले, “मोहन, ही काकांना विचारून आणलीस?”

“म्हणजे काय? तीनदा विचारलं,” मोहन म्हणाला. “काका, ही होडी मी नेऊं? बरें म्हणाले. परत विचारलं, खरंच नेऊं? बरें. तिसऱ्यांदा तर इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारी बघायला आले.”

आम्ही तिघांनी फुलांकडे पाहिलं. मोहनचा चेहरा हळूहळू बदलला. त्याने एकेक करून फुलं काढली, बोट शर्टाने पुसली आणि माझ्या हातात दिली. गेटपर्यंत सोडायला आला. तिथे म्हणाला, “दोळ्यांत उदक आशिल्लें. म्हाका दिसलें, खोशयेन दिता.”

* * *

बोट घरी आली, पण काकांना ती फळीवर नको होती, पाण्यात हवी होती. हे समजायला काकींचीही गरज नव्हती. रोज तिच्याकडे बोट दाखवायचे, मग दरवाजाकडे. आम्ही त्यांना तळ्यावर नेऊन खुर्चीवर बसवलं. रिमोट डाव्या हातात नीट बसला. घोडाही दाबता आला. चाक फिरवायला हात नव्हता.

मी चाकाला हात लावायला गेलो, त्यांनी रिमोट छातीशी ओढला. बसू गेला, तेच. मास्तर गेले, तेच. मग त्यांनी तसाच घोडा दाबला. बोट सरळ गेली आणि समोरच्या गवतात घुसली. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. बसू गुडघाभर पाण्यात जाऊन ती काढून आणायचा. काका हनुवटीने चाक फिरवू बघायचे. आम्ही दुसरीकडे बघायचो. एकदा रिमोट त्यांनी गवतात फेकला आणि नंतर दोन रविवार ते आलेच नाहीत.

मग ते आले, आणि बरोबर काकी आल्या. तळ्यावर पहिल्यांदाच. काकांच्या खुर्चीला लागून दगडावर बसल्या, पदर खोचला आणि काही न विचारता चाकावर हात ठेवला. काकांनी रिमोट ओढला. काकींनी हात काढला नाही. “कितलें ओडटात तें पळयतां,” म्हणाल्या, म्हणजे बघतेच.

थोड्या वेळाने काकांचा हात सैल पडला.

बसूने बोट पाण्यात सोडली. काकांनी घोडा दाबला. “बरें,” म्हणाले, काकींनी चाक उजवीकडे वळवलं. “बरें,” काकींनी डावीकडे वळवलं. बोट गवताच्या कडेने गेली, पेडल बोटींना वळसा घालून आली, समोर तोंड करून आमच्या अंगावर आली आणि शेवटच्या क्षणी सुंदर वळली. जिथे आम्ही सगळे चुकलो तिथे काकी चुकल्या नाहीत. त्या बोटीकडे बघतच नव्हत्या. काकांच्या तोंडाकडे बघत होत्या.

दोघं भांडतही होती. “बरें!” “वळयतां न्हय, कितें धांवडायतात?” “बरें!” “तर मागीर सवकास सांगात.” मास्तर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

काका गेले त्याच्या महिनाभर आधीची एक सकाळ.

बोट तळ्याच्या मधोमध होती आणि तोंड पलीकडच्या काठाकडे होतं. बॅटरी संपत आली होती. आता वळवली नसती तर ती परत येण्याइतकी ताकद उरली नसती. मास्तर म्हणाले, “वयनी, आता आणा परत.”

काकींनी काकांकडे पाहिलं. “परत हाडूं?”

काका लांब बघत होते. घोडा त्यांनी पूर्ण दाबून धरला होता.

“बरें,” ते म्हणाले. अगदी हळू.

काकींनी चाक हलवलं नाही. बोट सरळ चालली होती, तिचा आवाज बारीक होत होता. मी कधी नव्हे तो मोठ्याने बोललो. “काकी, वळय. काका बरें म्हणाले.”

“आयकलें हांवें,” काकी म्हणाल्या. “हें बरें परत हाडपाचें न्हय.”