धुतलेलं फडकं

इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभी हयात काढलेल्या त्या बाईला गल्लीत सगळे नीळबाईच म्हणत. निवृत्त झाली ती फक्त कागदोपत्री. हात काही निवृत्त झाले नव्हते. सुनेनं धुतलेले कपडे ती गुपचूप पुन्हा खळबळून काढायची.

एकदा एक चित्रकार मुलगी पांढरी फडकी घेऊन आली. गल्लीगणिक एक फडकं, महिनाभर रस्त्याकडच्या खिडकीत टांगायचं. हवेतली काजळी त्यावर बसेल. मग सगळी फडकी जोडून भलामोठा पडदा नगरपालिकेच्या दारात लावायचा. कुठल्या गल्ल्यांत ट्रक बंद करायचे, हे नगरपालिकेचे साहेब तो पडदा बघून ठरवणार होते.

"फक्त धुवायचं नाही हं, आजी," मुलीनं बजावलं.

या गल्लीचं फडकं नीळबाईच्या वाट्याला आलं. पंधरवड्यात त्याचं पार पोतेरं झालं. तेवढ्यात जाऊ आली आणि खिडकीकडे बघून म्हणाली, "काय गं, हात थकले वाटतं तुझे?"

हे वर्मी लागलं. जाऊ जिना उतरते न उतरते तोच फडकं बादलीत गेलं. द्यायच्या आदल्या दिवशी परत एकदा. वर नीळही दिली.

पडद्यावर सगळे चौकोन राखाडी, एकच तेवढा बगळ्यासारखा. साहेबांनी कौतुक केलं, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग शेजारच्या गल्ल्यांत ट्रक बंद झाले आणि सगळा लोंढा या गल्लीतून वळवला गेला.

तळमजल्यावरच्या शिंपीमास्तरांना जुना दमा. आता तर मशीनचा आवाज कमी आणि खोकला जास्त ऐकू यायचा. प्रत्येक ढास वर नीळबाईच्या काळजात रुतायची. शेवटी ती खाली गेली.

"मास्तर, ते फडकं मी धुतलं होतं."

मास्तरांनी सुई बाजूला ठेवली. "ठाऊक आहे. वाळत घातलेलं पाहिलं होतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बरं झालं. गल्लीची अब्रू राहिली."

मास्तर रागावले असते तर बरं, असं तिला झालं.

पुढच्या जाहीर बैठकीला दोघं मिळून गेली. नीळबाईनं उभं राहून भर सभेत सांगून टाकलं. मागच्या रांगेत खसखस पिकली. चित्रकार मुलगी हसली नाही, ओरडलीही नाही. नवं फडकं तिनं नीळबाईच्या हातात ठेवलं. साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी फेरविचार करू."

परतताना गल्लीच्या तोंडाशी मास्तरांना धाप लागली. ते एका पायरीवर टेकले. नीळबाई त्यांची पिशवी धरून उभी राहिली. मागून ट्रकनं हॉर्न दिला.

"चला, वहिनी," मास्तर म्हणाले. पण त्यांना उठवेना.