फोटोआधी खाली ठेवलेला ग्लास

मंडळी, आज डोकं जाम तापलंय, म्हणून लिहितेय.

दुपारी मी आणि नवरा वाइन फेस्टिवलला गेलो होतो. खुल्या मैदानात स्टॉल, सगळी आपल्या रतलाम-धारकडची वाइन, आणि इंदूरच ते, म्हणून सोबत सेवची प्लेट! हौस माझीच होती.

स्टॉलवाले भिया म्हणाले, “मैडम जी, पहले सूंघिए, फिर छोटा सा घूंट.” जांभळाची वाइन होती. जिभेवर आधी तुरट, मग हळूहळू गोड. मी खूश होऊन दुसरा ग्लास घेतला आणि नवऱ्याला म्हटलं, “घेऊन तर बघ!”

त्यानेही घेतली. मग शेजारच्या मुलीला फोटो काढायला फोन दिला आणि मला हळूच म्हणाला, “ग्लास ठेव ना खाली. फैमिली ग्रुपवर टाकायचाय.”

त्याचा ग्लास त्याच्या हातातच होता. चार लोकांत तमाशा नको, म्हणून मी माझा ठेवला.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर आत्येसासूबाईंचं उत्तर हजर: “आमची सून संस्कारी हो! नुसती साथ द्यायला गेली.” त्यावर नवऱ्याने हार्ट टाकलं.

मी फोटो मोठा करून बघितला. माझी बोटं अजून ग्लास धरल्यासारखीच वाकलेली आहेत.

बायांनो, फोटोआधी तुम्हाला काय काय खाली ठेवायला लावलंय? खरंखरं सांगा.

मी आत्ताच ग्रुपवर लिहिलं, “जांभळाची वाइन मस्त होती. मी दोन ग्लास घेतले.” सगळ्यांनी वाचलंय.

आणि नवरा बाहेरच्या खोलीतून विचारतोय, “अगं, ते डिलीट होईल ना अजून?”