खळसर आणि हिरवं आभाळ

खळसर वर्गात यायच्या आधी त्यांचा वास यायचा. मैद्याची खळ शिजवून शिजवून तो वास त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांत, नखांत आणि खडूच्या डबीत कायमचा मुक्कामाला आला होता. बाजारात चिकटवायच्या तयार बाटल्या आल्या, ट्युबा आल्या. सरांनी एकीलाही उंबरा ओलांडू दिला नाही. पातेलं, मैदा, पाणी आणि किडामुंगी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, एवढाच त्यांचा कारखाना. "चिकटवायचं तर असं चिकटवावं," ते म्हणायचे, "की सोडवायची पाळी आलीच तर पाण्यानं सुटलं पायजे. सुरी लागली की कागद बी फाटतो आन् भिंत बी खरवडती." गडमुडशिंगीच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेलच, पण आमच्यापैकी कुणाला ते छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

सरांना 'निळा' हा शब्द चालत नसे. निळा म्हणजे कुठला? आस्मानी, मोरपंखी का चिंतामणी? 'लाल' म्हणणाऱ्याला ते बाकावर उभं करून विचारत, "किरमिजी का डाळिंबी का गुलबक्षी? आईचं नाव विचारलं तर 'बाई' म्हणून सांगशील काय?" या दरबारात विदूषकाची जागा माझी होती. सहावीत मी एक निसर्गचित्र काढलं. दोन डोंगर, मधून सूर्य, आणि वर आभाळ हिरवंगार. निळी वडी संपली होती, की तसं आभाळ मी खरंच कुठं पाहिलं होतं, हे आज मलाही सांगता येत नाही. सरांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"पावणं, शेत वर टांगलंय व्हय?"

रागावले की ते विद्यार्थ्याला पावणं म्हणत.

"आभाळ हाय सर."

"हिरवं आभाळ कुठं बघितलास?"

"असतंय की सर कवा कवा."

वर्ग छप्पर उडेल असा हसला. सरांनी आधी दिलेले मार्क खोडले आणि म्हणाले, "सद्या, तुला पास करतो. पण जन्मात परत रंगाला हात लावायचा न्हाय." ही आज्ञा मी इतकी निष्ठेनं पाळली, की पुढे बँकेत शाई निवडायची वेळ आली तरी शेजारच्या टेबलावर विचारून यायचो.

शाळा सुटली तरी सर सुटले नाहीत. जुन्या विद्यार्थ्याचं लग्न ठरलं, की ते कात्री आणि घोटीव कागदाची भेंडोळी घेऊन दारात हजर. कमान, झिरमिळ्या, तोरणं, सगळं हातानं. माझ्या लग्नातही त्यांनी क्रेप कागदाची कमान उभी केली होती. फोटोग्राफर म्हणाला, "जरा ऐटीत उभं ऱ्हावा." ऐट म्हणून मी कमानीला टेकलो. खळ ओली, कागद ओला, आणि माझा मोतिया रंगाचा कोट पाठीमागून गुलबक्षी झाला. अख्ख्या समारंभात मी भिंतीला पाठ लावून वावरलो. सर एवढंच म्हणाले, "नवरदेव, टेकायचंच हुतं तर बायकोला टेकायचं." आल्यागेल्याला तो फोटो दाखवण्याचं काम माझी बायको आजही न थकता करते.

सरांना एकच मुलगी, मंजू. सरांची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा मंजूनं पुण्यातली नोकरी सोडली, जुळत आलेलं लग्न मोडलं, आणि आई जाईपर्यंत ती घरातून हलली नाही. नंतर पुन्हा नोकरी धरली. लग्नाचं वय उलटलं, असं नातेवाइकांनी ठरवून टाकल्यावर तिनं स्वतःच एक जण शोधला. मुलगा वारणानगरचा, नोकरीला जर्मनीत. लग्न साधंच होणार होतं, पण स्वागत समारंभ थाटात करायचा, आणि नंतर पंधरवड्यानं दोघांनी जर्मनीला जायचं, असं ठरलं.

"अण्णा, सजावट इव्हेंटवाले करतील. तुम्ही खुर्चीत बसा," मंजू म्हणाली.

"लोकांच्या पोरींच्या लग्नात मी जन्मभर कागद कापला. आन् माझ्या पोरीच्या वक्ताला भाड्याची फुलं?"

मंजू गप्प बसली. बाप हट्टाला पेटला की आई काय करायची, हे तिनं पाहिलेलं होतं. ती पुण्याला परतली आणि सरांनी मला बोलावलं. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो आणि घरात नकोसा होऊ लागलो होतो, त्यामुळे बायकोनं मला डब्यासकट पाठवून दिलं.

रंकाळ्याच्या बाजूला सरांचं छोटं घर. माडीवरच्या खोलीत बेत ठरला. स्टेजच्या वर कागदी आभाळ करायचं. एका कडेला फिकट आस्मानी आणि पुढे गडद होत जाणारं. आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातात पानसुपारीबरोबर एक भिरभिरं द्यायचं.

"सर, मोठी माणसं भिरभिरं घेतील?"

"जो घेणार न्हाय, त्यो म्हातारा झाला म्हणायचा. कोण कबूल करतंय बघू."

माझ्याकडे खळ शिजवायचं खातं आलं. मोरचूद भिरभिऱ्यांच्या खळीत घालायचा नाही, पोरं तोंडात घालतात. तोरणांच्या खळीत मात्र विसरायचा नाही, असं सरांनी बजावलं. मी मोरचूद दोन्हीकडे विसरलो. सकाळी माडीवर गेलो तर तोरणांच्या नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या. उंदरांनी मैद्यासकट कागद फस्त केला होता. मी तोंड लपवायला जागा शोधत असताना सर सुतळीवरून बोटं फिरवत म्हणाले, "पयली पंगत उठली म्हणायची. वाढपी चांगला हाय." आणि पुन्हा कागद कापायला बसले.

पण बसले ते वेगळेच. मला त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "सद्या, आस्मानीचा गठ्ठा कुठं ठेवलास?" गठ्ठा त्यांच्या गुडघ्याशीच होता. मी दाखवायच्या आत त्यांनी शेजारचा ओढला आणि सरसर कापू लागले. मला तो हिरवा दिसत होता. पण मला हिरवा दिसतो, याला आमच्या शाळेत काडीची किंमत नव्हती. माझेच डोळे गेले, अशी माझी खात्री पटली. एक तुकडा खिशात घालून मी घरी गेलो आणि बायकोपुढे धरला.

"हा कुठला रंग?"

"हिरवा. का हो?"

"नीट बघ. आस्मानी नाही?"

"अहो, डोळे तपासून घ्या."

मी खरोखर जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, रंग ओळखायला काही अडचण नाही, चष्मा तेवढा पुसत जा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला कळलं. माझे डोळे ठीक होते, म्हणजे सरांचे नव्हते.

मी माडीवर गेलो तेव्हा ते भिरभिऱ्याच्या पात्या दुमडत होते, मान वर न करता. मी काहीच बोललो नाही. बहुधा माझ्या न बोलण्याचाच त्यांना संशय आला, कारण मी गप्प बसणं ही गोष्ट त्यांच्या अनुभवात नव्हती.

"कळलं व्हय तुला?"

"व्हय सर."

"तुला कळलं म्हंजे आता गावाला कळायला उशीर न्हाय." मग म्हणाले, "मधलं सगळं गेलंय. कडंकडंचं दिसतंय. रंग म्हणशील तर लई धुतलेल्या कापडागत झाल्यात. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत यायचं न्हाय."

"मंजूला..."

"न्हाय सांगायचं." कात्री खाली ठेवली त्यांनी. "ती आईसाठी राहिली. तिचं उमेदीचं वय त्या खाटेपाशी गेलं, सद्या. आता बापासाठी राहील आन् ह्यो पोरगा बी जाईल. ती विमानात बसूपर्यंत तू माझं डोळं हो. तेवढंच मागतोय." आणि मग अगदी हळू, "किती चुकलोय?"

पसरलेल्या आभाळाकडे मी पाहिलं. अर्धं हिरवं होतं.

"एकच पट्टी, सर."

त्यांची पाठ वळली, की त्या सगळ्या हिरव्या पट्ट्या पाणी लावून सोडवायच्या आणि आस्मानी लावायच्या, असा मी बेत केला. सरांचाच धडा. पण मी पाणी लावलं ते भांडंभर. घोटीव कागदाचा रंग सुटला, ओघळला, आणि जो भाग निळा होता तोही हिरवट झाला. नवा कागद आणून लावायला आता वेळ नव्हता. समारंभाच्या दिवशी सकाळी स्टेजवर जे आभाळ चढलं, ते माझ्या सहावीतल्या आभाळापेक्षा हिरवं होतं.

सर दारात उभे राहून प्रत्येकाच्या हातात भिरभिरं देत होते. देण्याआधी प्रत्येकावर एक फुंकर. फिरतं का, कानानं बघायचे. फेटे बांधलेले ऊसवाले, दूधसंघाच्या मीटिंगला निघाल्यासारखे आलेले वारणेचे पाहुणे, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, सगळ्यांनी ती घेतली. कुणीच म्हातारा व्हायला तयार नव्हता.

"पावणं," नवऱ्या मुलाचे चुलते वर बघत मला म्हणाले, "आभाळ हिरवं कसं काय?"

"माझी करणी," मी म्हणालो. "लहानपणापासून माझं आभाळ हिरवंच."

जुने वर्गमित्र हसले, लगेच पटलं सगळ्यांना. नामुष्कीचं आयुष्यभर साठवलेलं भांडवल असं कामी आलं. पटलं नाही ते एका मंजूला. शालूतली ती वर बघत उभी राहिली आणि मग माझ्याजवळ आली.

"काका, हे तुम्ही केलं?"

"व्हय की."

"आणि अण्णांनी बघितलं?"

"बघितलं की."

"अण्णांनी बघितलं असतं, तर तुम्ही आज जिवंत दिसला असता?"

ती तशीच दाराशी गेली, सरांच्या हातातलं भिरभिरं घेतलं आणि विचारलं, "अण्णा, ह्याचा रंग कुठला?"

सरांनी भिरभिऱ्यावर फुंकर मारली. ज्या माणसानं जन्मभर नुसत्या 'निळ्या'ला हाकलून दिलं, तो म्हणाला, "तुला आवडतो त्यो."

दुपारी कार्यालय रिकामं झालं. मी शिडीवर चढून झिरमिळ्या सोडवत होतो. खाली बापलेक खुर्च्या समोरासमोर ओढून बसले होते, आणि नवरा मुलगा शहाणपणानं बाहेर भांडी मोजायचं निमित्त काढून गेला होता.

"मी जाणार नाही," मंजू म्हणाली. "आईच्या वेळी मला सांगितलंत. ह्या वेळी का लपवलंत?"

"त्या वक्ताला सांगितलं, म्हणून तर. तू रोज थोडी थोडी विझताना मी बघत हुतो. परत बघायला लावू नगो. तसं बी आता दिसत न्हाय मला."

हसावं की रडावं, तिला कळेना. "मग इथं तुमच्याजवळ कोण आहे?"

दोघांनीही वर पाहिलं. मी शिडीवर, गळ्यात झिरमिळ्या, एक पाय हवेत.

"ह्यो हाय की," सर म्हणाले. "रंगाचा उजेडच हाय, पण येतोय रोज."

"काका, याल रोज?"

मी हो म्हणालो, आणि मान हलवताना शिडीही हलली.

मंजू उठली, तांब्यातलं पाणी वाटीत घेतलं आणि आभाळाच्या खाली आलेल्या कडेला बोटानं पाणी लावत, फुंकर घालत, एक हिरवी पट्टी अलगद सोडवू लागली. जराही न फाडता. सर कान देऊन ऐकत होते. "पाणी जास्त नगो," ते म्हणाले. ती पट्टी घडी करून ती जर्मनीला घेऊन गेली.

मग माझी रोजची संध्याकाळ सरांच्या गच्चीवर. कठड्याला एक भिरभिरं बांधलेलं असे. सर खुर्चीत बसत आणि विचारत, "सांग." मी पश्चिमेकडे बघून सांगायचो. "तांबडं, सर." "तांबडं म्हंजे? शेंदरी का आमसुली?" मी पुन्हा बघायचो, ज्या आभाळाकडे मी आयुष्यात कधी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. मंजूचा फोन आला, की ते तिला सांगत, "आज कडंला जांभळं हुतं, मध्ये केशरी," आणि माझी साक्ष काढत. तिलाही ठाऊक होतं, ती कुणाच्या डोळ्यांनी बघतेय ते. पण ती विचारत राहिली.

सर गेले ते पुढच्या उन्हाळ्यात, झोपेत, कुणालाही त्रास न देता. मंजू आली, तेव्हा माडीवर खळीचा वास तसाच होता. तिनं बरेच दिवस ती खोली झाडू दिली नाही.

त्यांच्या जाण्याआधीच्या आठवड्यातली एक संध्याकाळ. दिवसभर जीव घाबरा करणारा उकाडा होता आणि गगनबावड्याच्या बाजूनं ढग चढत होते. गारांचा ढग. वारं पडलं, भिरभिरं थांबलं, आणि सगळ्या घरांवर एक वेगळाच उजेड पसरला.

"सांग," सर म्हणाले.

मी बघत राहिलो. डोळे चोळले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"सर, रागावणार नसाल तर सांगतो."

"सांग की."

"हिरवं हाय."

मला वाटलं, आता पावणं म्हणतील. तेवढ्यात भिरभिरं एकदम घरघरायला लागलं आणि पत्र्यावर पहिली गार वाजली. सरांनी तळहात पुढे धरला.

"तू शाळेत ते चित्र काढलंस, त्या दिवसात गारा पडल्या हुत्या काय रे?"

"आठवत नाही, सर."

तळहातावर एक गार पडली, सरांनी मूठ मिटली.

"मग पडल्या असतील," ते म्हणाले. "घे तुझं मार्क."