खालून वाचणारे साहेब

मी एकदा ‘इतर’ नावाच्या गावाला बस सुरू केली.

कागदावरच, पण केली. हडपसरच्या पुढे उसाच्या शेतांत नुकत्याच उगवलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रशासन विभागात होतो. लोकांना घरी सोडायला बस लावायच्या होत्या. सगळ्यांचे पत्ते एक्सेलमध्ये होते. त्यातल्या ‘परिसर’ या रकान्यात कोणतं नाव किती वेळा येतं ते मोजायचं, की मार्ग तयार. मी मोजलं. कोथरूड भरघोस, कात्रज बऱ्यापैकी आणि तळाशी एकेकदाच आलेली ढीगभर नावं. तक्त्यात ती फार गबाळी दिसत होती, म्हणून त्यांची मोट बांधून मी ‘इतर’ असं लिहिलं. मग क्रम लावला, तर ‘इतर’ कोथरूडच्याही वर! मी बिनदिक्कत पहिली बस त्याच्या नावे केली आणि यादी ठेकेदाराला पाठवून दिली.

त्याचा फोन नेमका साहेबांनी उचलला.

“साहेब, ह्ये इतर कुठं हाय? कात्रजच्या म्होरं का?”

“विचारून सांगतो,” साहेब शांतपणे म्हणाले. “आमच्याकडे एक तज्ज्ञ आहेत.”

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात उमेदीची वर्षं काढून कॉम्प्युटरवाल्यांत आलेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाह्या मनगटापर्यंत बंद, बोलणं मोजकं आणि जे बोलतील ते लागेल असं. कुठलाही तक्ता हातात आला की चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद नाकाशी धरायचे आणि शेवटच्या ओळीखाली पट्टी ठेवून एकेक ओळ वर चढायचे.

“खालून वाचा हो,” म्हणायचे. “वरच्यांना आवाज असतो. ते ओरडून सांगतील.”

मी मोट सोडली. पट्टी पहिल्याच ओळीला अडली.

“लोणी काळभोर, एक. हा एक कोण?”

“सर, एका माणसासाठी बस कशी लावणार?”

“बस लावा म्हटलं का मी? कोण, असं विचारलं.”

मला ते माहीतच नव्हतं. आकडा होता, माणूस शोधावा लागला. चाचणी विभागात नुकतीच लागलेली एक मुलगी निघाली. साहेबांनी तिला बोलावलं. ती खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. वडील रोज मोटरसायकलवरून सोडतात, न्यायला येतात, शेतातली कामं बुडतात, असं खाली बघत सांगत होती. कंपनीची बस मिळाली तर ठीक, नाही तर महिनाअखेर नोकरी सोडायची, असं घरी ठरलं होतं.

“आणि मी बस मिळतेय असं सांगून टाकलंय,” ती म्हणाली.

साहेबांनी ठेकेदाराला फोन लावला. “गाड्या मुक्कामाला कुठे असतात तुमच्या?”

“लोणीला, भावाच्या रानात. हितं उभी करायला जागा कुठं हाय, साहेब?”

म्हणजे हडपसरची फेरी संपली की बस रिकामी लोणीलाच जाणार होती. माझ्या रकान्यात माणसं होती. बस कुठे झोपते हे मला कोण सांगणार?

पण वडील अडले. अंधार, रिकामी बस आणि मुलगी एकटी. त्यांचंही चूक नव्हतं.

“मी बसतो,” साहेब म्हणाले.

ते हडपसरला राहायचे. स्वतःचा थांबा आला तरी उतरायचे नाहीत. लोणीपर्यंत जायचे, मुलगी वडिलांच्या हवाली झाली की शहर बसने उभ्याने परत. कोणी विचारलं तर म्हणायचे, “जरा हवा खाऊन येतो.” सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांमागे कसली हवा असते, ते तुम्ही जाणताच. मध्यंतरी त्यांचा गुडघा आखडला, तेव्हा काही दिवस त्यांच्या जागी मला पाठवलं.

पुढे मी पुन्हा मोजलं, तर लोणी तळातून वर सरकली होती. तिच्या शेजारच्या दोघीतिघी अर्ज करून कंपनीत लागल्या होत्या. मी धावत गेलो. “सर, लोणीचे लोक वाढले!”

“ते होतेच,” साहेब म्हणाले. “यायची सोय नव्हती, तर तुमच्या रकान्यात कुठून येणार?”

मुलीला सोबत झाली, तेव्हापासून साहेबांनी लोणीला जायचं थांबवलं. नंतर निवृत्त झाले. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी हडपसरला त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत कोणीच बसत नव्हतं, सगळे भिंतीला टेकून उभे. ती मुलगीही आली होती. आता मोठ्या हुद्द्यावर, स्वतःची गाडी चालवत आलेली. मी घसा खाकरून म्हणालो, “तुम्हाला सुखरूप पोचवायची जबाबदारी सरांनी काही दिवस माझ्यावरही टाकली होती.”

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“सर असले की मी बसमध्ये बिनघोर झोपायचे,” ती म्हणाली. “तुम्ही आलात की तुम्ही झोपायचात आणि मला जागं राहावं लागायचं.”