तांडेलाची चिमुकली सुई

हिस्के ही आल्डेवाल गावची नर्स. गावात डॉक्टर होते, दवाखानाही होता. पण घरोघर जाऊन जखमा धुणारी, पट्ट्या बदलणारी, इंजेक्शनं देणारी आणि वर कॉफी पिता पिता चार गोष्टी ऐकवून येणारी ती एकटीच. जड सायकल, मागे दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या आणि वाऱ्यानं फुग्यासारखा फुगलेला निळा रेनकोट. कालव्याच्या बांधावरून ती येताना दिसली की लोक किटली चढवायला घेत.

तिचे वडील गलबतांची शिडं शिवायचे. त्यांच्या जाड्याभरड्या कापडाच्या ढिगांवर लोळतच ती मोठी झाली. नर्सिंगच्या शाळेत बाकीच्या मुली संत्र्यांना टोचून हात बसवत होत्या, तेव्हा हिस्के नुसती सुयांची पाकिटं उलटीपालटी करत बसली होती. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय गं, संत्रं चावतंय का?"

"नाही बाई. पण सगळ्या माणसांना ह्या एकाच सुईनं टोचायचं? वडील तर कापड बघून सुई घेतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला वॉर्डात नेलं आणि शेजारशेजारच्या खाटांवरच्या दोन बायकांचे दंड चिमटीत धरायला लावले. एकीच्या दंडावर चिमटीत यायला काही नव्हतंच, दुसरीचा दंड चिमटीत मावेना. "आधी बोटांना विचार," बाई म्हणाल्या, "मग पाकीट फोड." हिस्केनं पुढे आयुष्यभर तेच केलं. त्यापायी गावातल्या झाडून सगळ्या माणसांचे दंड, पोटं आणि कुल्ले तिला चेहऱ्यांइतकेच ओळखीचे झाले, असं लोक चेष्टेनं म्हणत. तीही नाही म्हणत नसे.

त्या उन्हाळ्यात गलबतांच्या शर्यतीला थोडेच दिवस उरले होते. सकाळी हिस्के एका म्हातारबाचा पाय धुऊन उठतेय तोच हायोचा फोन आला. हायो म्हणजे गावच्या गलबतावरचा सगळ्यात जुना खलाशी.

"हिस्के, धक्क्यावर ये बाई लवकर. वोब्बे पिऊन आलाय."

"सकाळी सकाळी? आणि वोब्बे?"

"अगं, गलबत सरळ लव्हाळ्यांत घातलंन. वर आम्हालाच शिव्या. आता बसलाय घामानं निथळत, आणि मला सिप्के म्हणून हाक मारतोय."

सिप्के हा वोब्बेचा थोरला भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. हिस्के फोनवर ओरडली, "प्यायलेला नाहीये तो! गिळता येतंय ना त्याला? मग काहीतरी गोड पाज. आधी पाज, मग बोल!"

ती पोचली तेव्हा वोब्बे धक्क्यावर पाय लांब करून बसला होता आणि हायो त्याला लहान मुलासारखं संत्र्याचं सरबत पाजत होता. वोब्बे म्हणजे गावच्या गलबताचा तांडेल, सुकाणू धरणारा कप्तान. उंच, सुकलेल्या दोरखंडासारखा पिळदार, अंगावर औषधालाही चरबी नाही. वर्षभरापूर्वी त्याला मधुमेह निघाला आणि इन्शुलिन सुरू झालं. हिस्केनं त्याच्या बोटाला टोचून रक्त तपासलं. साखर तळाला गेली होती. तिनं त्याला आणखी थोडं सरबत पाजलं, जवळ बसून राहिली, पुन्हा रक्त तपासलं. आकडा वर आल्यावर कुणाच्या तरी डब्यातला साखरपाव त्याच्या हातात दिला. हळूहळू त्याचे डोळे जागेवर आले.

"तू इथे काय करतेस?" त्यानं विचारलं.

"तुझं गलबत बघायला आले. लव्हाळ्यांत फार शोभून दिसतंय."

खलाशी हसले. वोब्बेनं मान खाली घातली.

हिस्केनं त्याला घरी नेलं. दार बाउक्येनं उघडलं. वोब्बेची ही बायको नवऱ्याच्या दुप्पट रुंद आणि चौपट बोलकी. सगळं ऐकून ती आधी रडली, मग तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं, आणि मग कॉफी केली.

"आता मला दाखव," हिस्के वोब्बेला म्हणाली. "सकाळी इंजेक्शन कसं घेतलंस ते. टोचू नकोस, नुसतं दाखव."

वोब्बेनं कपाटातून खोका काढला, इन्शुलिनच्या पेनाला सुई लावली आणि पँटवरून मांडीवर सरळ भाला रोवावा तशी धरली. हिस्केनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"ही सुई मी दिलेली नाही. ही तर बारा मिलिमीटरच्या वर आहे. कुठून आणलीस?"

"सिप्केची आहे, त्याच्या मधुमेहाची. माळ्यावर खोका सापडला गेल्या आठवड्यात. नवाकोराय, वाया का घालवायचा?"

"तारीख कधीच उलटून गेलीय ह्याची. आणि मी दिलेल्या सुया?"

बाउक्येच बोलली, "त्या नको म्हणतो. म्हणे पोराबाळांच्या आहेत. हायोनं एकदा बघितल्या आणि विचारलंन, तांडेल, बाहुलीला टोचताय काय? तेव्हापासून हे असं."

"चार मिलिमीटर!" वोब्बे उसळला. "मुंगी तरी बरी चावते. औषध आत जातं की नाही ते कळत पण नाही."

"कळत नाही तेच बरं असतं," हिस्के म्हणाली. "मांडी दाखव. धर चिमटीत. काय आलं हातात?"

वोब्बेनं चिमटीत धरायचा प्रयत्न केला. कातडीच्या पातळ घडीशिवाय काही आलं नाही.

"कातडी, तिच्याखाली बोटभर पण नाही इतकी चरबी, आणि लगेच स्नायू. इन्शुलिन चरबीत राहायला हवं. तिथून ते सावकाश झिरपतं. तू ते थेट स्नायूत ठोकलंस, आणि मग त्याच पायावर जोर देऊन दोर ओढत बसलास. सगळं औषध एकदम रक्तात आलं, आणि साखर ढासळली. गलबत लव्हाळ्यांत घातलंस ते बरं. मधल्या पाण्यात असतास तर?"

बाउक्येनं नवऱ्याच्या बशीत उगाच आणखी एक बिस्किट ठेवलं.

"पण सिप्के हीच वापरायचा," वोब्बे पुटपुटला.

"तेव्हा याच मिळायच्या. आणि सिप्केच्या पोटावर गावातली मांजरं झोपत. तरी आज मी त्यालाही चारचीच दिली असती. कातडी सगळ्यांची जवळपास सारखीच जाड असते रे, राजाची काय नि तांडेलाची काय. ती ओलांडली की पुरे."

वोब्बेला ते पटलं असावं. पण पटणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. तो खिडकीबाहेर बघत बसला. हिस्केनं डॉक्टरांना फोन करून झालेलं सगळं सांगितलं. साखर काही दिवस जास्त वेळा तपासा, काम करण्याआधी तर नक्कीच, आणि आकडे मला कळवा, असं ते म्हणाले. जुना खोका हिस्केनं पिशवीत टाकला आणि चार मिलिमीटरच्या सुया टेबलावर ठेवल्या.

ती निघणार एवढ्यात बाउक्ये म्हणाली, "अगं, आलीच आहेस तर माझं पण उरकून टाक. आज माझा दिवस आहे ना?"

बाउक्येच्या पोटाला बी-बारा जीवनसत्त्व पचत नसे, म्हणून तिला ते दर दोन महिन्यांनी स्नायूत घ्यावं लागे. वोब्बे एरवी ह्या वेळी गोठ्यात पळायचा. आज पायांत त्राण नव्हतं म्हणून बसून राहिला. हिस्केनं हात धुतले, बाउक्येच्या कमरेखालची बाजू बोटांनी चाचपली आणि पिशवीतून पाकीट काढलं. वोब्बेचे डोळे विस्फारले.

"ही? एवढी?"

"दीड इंच. हिचं औषध स्नायूत जायला हवं, आणि हिचा स्नायू आहे खोल. मखमलीखाली."

"ऐकलंस?" बाउक्ये वळून म्हणाली. "मखमल!"

"आणि जाडी? केवढी जाड आहे ही!"

"जाड नाही, बारीकच आहे. औषध पाण्यासारखं पातळ आहे, जाड सुई कशाला? तेलासारखं घट्ट असतं तर घेतली असती. लांबी माणूस बघून आणि काम बघून, जाडी औषध बघून." बोलता बोलताच तिनं सुई आत घातली, औषध सोडलं, काढली. "झालं."

"झालं?" वोब्बेनं विचारलं. "ती ओरडली नाही."

"गेली चार वर्षं घेतेय मी," बाउक्ये कपडे सारखे करत म्हणाली. "तू गोठ्यात गाईच्या मागे लपतोस, म्हणून तुला माहीत नाही."

हिस्केला हसू आवरेना. वोब्बेनं एकदा बायकोकडे बघितलं, एकदा हिस्केच्या हातातल्या त्या लांब सुईकडे. मग टेबलावरची आपली चिमुकली सुई उचलून दोन बोटांत फिरवली. "बाउक्ये," तो म्हणाला, "हे हायोला सांगायचं नाही."

बाउक्येनं संध्याकाळच्या आत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याच्यासाठी बाहुलीचा पाळणा ठेवलेला होता. वोब्बेनं त्यात आपली टोपी ठेवली, सदरा वर केला, सगळ्या खलाशांसमोर पोटावर ती चिमुकली सुई लावली, दहापर्यंत मोजलं, काढली. "कुणाला काही बोलायचंय?" हायो बोलणार होता, पण तो एकदम पांढरा पडून दोरांच्या वेटोळ्यावर बसला. सुई बघितली की त्याला चक्कर यायची, हे गावाला त्या दिवशी कळलं.

शर्यतीत त्यांचं गलबत सातवं आलं. चौदात सातवं म्हणजे मिरवण्यासारखं काही नाही. पण वोब्बेनं सगळ्या फेऱ्या स्वतः सुकाणू धरलं. मध्ये दोनदा हायोनं, तोंड दुसरीकडे करून, त्याला बोट टोचायचं यंत्र दिलं आणि साखरपाव भरवला.

नंतर एक गंमत सुरू झाली. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात हिस्के बसली की एखादा दांडगा गडी हळूच शेजारी येई, इकडेतिकडे बघे आणि खिशातून पाकीट काढे. "ही बरोबर आहे का गं?" एकाकडे बायकोची सुई असे, एक जण एकच सुई आठवडाभर वापरत असे, आणि एक तर महिनाभर टोचायचंच विसरला होता. हिस्के प्रत्येकाला चिमटी धरायला लावी. शेवटी दुकानाच्या मालकिणीनं कोपऱ्यातलं टेबल तिच्यासाठी राखून ठेवलं आणि मध्ये पडदा लावला. कारण गिऱ्हाइकांना केकबरोबर पोटं बघायची नव्हती.

सप्टेंबरात एका स्वच्छ सकाळी वोब्बेनं तिला धक्क्यावर गाठलं. "चल," तो म्हणाला.

"कुठे? कुणाला काय झालं?"

"कुणाला काही नाही. वारा चांगलाय. शिडं शिवणाऱ्याची पोर ना तू? चढ वर."

हिस्केनं पिशव्या हायोच्या हवाली केल्या, रेनकोट आवळला आणि चढली. गलबत कालव्यातून मोकळ्या पाण्यात आलं, शीड भरलं, फळ्या कुरकुरल्या. तिला कुठे उभं राहावं कळेना. दोर पायांत येत होते, टोपी उडून गेली, आणि ती मोठ्यानं हसत होती.

"हिस्के!" वोब्बे सुकाणूवरून गरजला. "डोकं खाली!"

तिनं डोकं खाली घातलं, आणि शिडाचं जाडजूड लाकूड तिच्या वरून सणसणत पलीकडे गेलं.